जवळची फेक

दाढीवाल्या दुकानदारानं माझ्यापुढं सात तबकड्या मांडल्या आणि हाताची घडी घालून उभा राहिला. म्हातारीला खेळणी दाखवतोय, असं हसू तोंडावर.

"त्याला सांग, दात मिट म्हणावं," मी धनंजयला म्हटलं. "मी घ्यायला आलेय, बघायला न्हाई."

माझ्या लेकानं त्याला इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे, पण ते माझं वाक्य नव्हतं. कारण दाढीवाला आणखीच हसला.

माझी नात शरू माझ्या कोपराशी उभी होती. बारा पूर्ण व्हायला सव्वा महिना कमी. अंगानं काटकुळी, बोटं मात्र लांबसडक, माझ्यासारखी. तिचा डोळा जांभळ्या तबकडीवर.

"आजी, परपल."

"रंग काय चाटायचाय? गप उभी रहा जरा."

ह्याला आता अकरा वर्षं झाली. अमेरिकेत मिशिगन म्हणून मुलूख आहे, तिथं कॅलमझू नावाच्या गावात धनंजय नोकरीला होता. मी सहा महिन्यांसाठी गेले होते. त्या गावात रानातनं लोखंडी खांब रोवलेत. खांबाच्या वरच्या अंगाला साखळ्या लोंबतात, खाली टोपली. लांबून तबकडी फेकत फेकत यायचं आणि शेवटी ती टोपलीत घालायची. ज्याला कमी फेकी लागल्या तो जिंकला. लांबच्या फेकीला कडक, धारेची तबकडी लागते. टोपली दहापंधरा पावलांवर आली की वेगळी, तिला पटर म्हणतात. ती मऊ लागते आणि हाताला धरून राहणारी लागते. कडक असली की साखळीवर आपटून बाहेर उडते. शरू बापाची जुनी वापरायची. घासून गुळगुळीत झालेली. थंडीत तिच्या हातातनं ती साबणाच्या वडीसारखी निसटायची.

एवढं मला धनंजयनं गाडीत समजावलं होतं. मला त्यातलं इतकंच कळलं, की माल मऊ हवा पण लेचापेचा नको, चिकट हवा पण हाताला लागून राहणारा नको. मग बाकी कळायची गरजच नव्हती. तासगावला माझी बेदाण्याची शेड आहे. नवरा गेल्यावर चाळीस बायका हाताखाली घेऊन मी ती चालवली. शाळा माझी दुसरीपर्यंत, तीही मास्तर चुलत्याचा मित्र म्हणून. पण बेदाणा डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं निवडतात, आणि माझ्या अंगठ्याला सांगलीपर्यंतचे व्यापारी वचकून असत.

मी पहिली तबकडी दाबली.

"ही वातड. दुसरी. ही कडक, हिच्यावर भाकरी थापावी. ही बाई नुसतीच मऊ, हिला कणा न्हाई. ही चिकट हाय, पण घामेजल्यासारखी, कुबट."

"आई, तो सगळं ऐकतोय," धनंजय हळूच म्हणाला.

"ऐकंना. कळतंय कुठं त्याला."

पाचवीला अंगठा लावला आणि तो थांबला. दाबली तर दबली, सोडली तर सावकाश वर आली. वरून हात फिरवला तर तळव्याचं कातडं जरा धरून मग सरकलं. रंग मात्र पोटाच्या औषधासारखा पिवळा.

"शरू, डोळं मिट. मिटलेस? फसवू नको." एका हातात तिची जांभळी दिली, दुसऱ्यात पिवळी. "आता सांग, कुठली तुझ्या हातात राहती?"

पोरीनं दोन्ही तोलल्या, बोटं कडेखाली फिरवली आणि पिवळी वर केली. डोळे उघडले आणि ओरडली, "ईऽऽ, यलो!" मग परत दाबून बघितली. "पण आजी, ही… ही माझ्या हाताला पकडते."

दाढीवाल्यानं हसणं थांबवलं. गल्ल्याखालनं स्वतःची पिशवी काढली, त्यातनं एक तबकडी काढून माझ्यापुढं धरली. मी दाबली. तोच माल. त्यानं मला मान लववून नमस्कार केला, दोन्ही हात जोडून. आपल्यासारखा. मी पदर सारखा केला. त्या मुलखात मला तेवढा एकच नमस्कार मिळाला.

दुपारभर बाप-लेक खेळले. मी बाकड्यावर शाल पांघरून बसले. शरूनं दहा पावलांवरून दहा वेळा फेकली, आठ वेळा टोपलीत. प्रत्येक वेळी साखळ्या वाजल्या की ती माझ्याकडं बघायची. बापाकडं नव्हे, माझ्याकडं. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली होती.

पाच वाजता पटांगणाशेजारी गाड्या लावतात तिथं मृणालची निळी गाडी आली. मृणाल म्हणजे धनंजयची बायको. बायको होती म्हणायची. तीन वर्षं झाली होती वेगळं होऊन. शरू आईकडं राहायची आणि एकाआड एक शनिवारी, दहा ते पाच, बापाकडं यायची. मृणाल गाडीतनं उतरायची नाही, मी तिच्याकडं बघायची नाही. तासगावात कुणाला हे ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर मी सांगायची, सून नोकरीत अडकलेली असते.

शरू पळत गेली आणि अर्ध्या वाटेतनं परत आली. तबकडी माझ्या हातात दिली.

"तू सिलेक्ट केलीस ना? मग तूच सांभाळ. कॉम्पिटिशनच्या दिवशी आण."

दोन आठवड्यांनी बाप-लेकरांच्या जोड्यांची स्पर्धा होती. लांबची फेक बापानं करायची, जवळची लेकरानं.

"सांभाळते," मी म्हटलं. "जीव गेला तरी सोडायची न्हाई."

"जीव नको, आजी. बस एक डिस्क आहे." आणि तिनं माझ्या पोटाला मिठी मारली. आल्यापासून पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी भाकरी खाताना मी धनंजयला विचारलं, "पोरगी नेमानं येती न्हवं? मग तोंड का पाडून बसतोस?"

"बारावा वाढदिवस झाला की तिचं ती ठरवणार, आई. यायचं की नाही ते. मी आणि मृणालनं तसं ठरवलंय. जबरदस्ती करायची नाही."

"आणि न्हाई म्हणाली तर?"

"तर नाही." त्यानं ताटातला भाकरीचा तुकडा उगीच इकडून तिकडं केला. "उन्हाळ्यात दोनदा टाळलं होतं तिनं. ही स्पर्धा तिनंच काढली. म्हणून म्हटलं, बघू."

असा आहे माझा लेक. घर जळत असलं तरी म्हणेल, बघू.

धनंजय सकाळी साडेसातला जायचा. त्यानंतर त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी आणि फ्रीज. फ्रीज घुंई करायचा, थांबायचा, परत करायचा. मी त्याला दोनदा शिवी दिली, तेवढंच बोलणं. माझं आयुष्य बायकांवर ओरडण्यात गेलं. सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं, की आधी एकीला झापायचं, मग चहा. इथं भांडायला माणूस नव्हतं. खाली एक म्हातारी कुत्रं फिरवायची. एक दिवस मी मुद्दाम जिन्यात तिच्या वाटेत उभी राहिले. म्हटलं, काहीतरी बोलेल, निदान सरका म्हणेल. ती हसली आणि कडेनं निघून गेली. तिथली माणसं भांडतसुद्धा नाहीत. नुसती हसतात आणि जातात.

त्या दोन आठवड्यांत मी त्या तबकडीशी बोलले. देवांच्या फळीवर ठेवली होती, बाळकृष्णाच्या शेजारी. येता-जाता अंगठा लावायची.

त्यात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेडमधल्या कात्र्या, काटा, फवारणीचा पंप, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडायचं, हळदीकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. ज्याच्यावर पोट आहे त्याला वर्षातनं एक दिवस हात जोडायचे. इथं माझ्यापुढं काय होतं? भाजी चिरायची सुरी आणि ती पिवळी तबकडी. म्हटलं, हेच पोरीचं हत्यार.

धुतली. पुसली. उजेडात धरली तर तिच्यावर पांढुरकी कोरड दिसली. रानातल्या मातीत घासून खरबरीत झाली होती. नवी वस्तू आमच्याकडं कोरडी वापरत नाहीत. तव्याला तेल, लाटण्याला तेल. बेदाणासुद्धा पोत्यात भरायच्या आधी शेवटचा तेलाचा हात फिरवला तरच चमकतो आणि टिकतो. मी खोबरेलाची बाटली कोमट पाण्यात धरून पातळ केली आणि तबकडीला सगळीकडनं चोळली. वरनं, खालनं, कडेच्या आतनं. दोन दिवस तसंच मुरू दिलं. मग धुवट फडक्यानं पुसली. कुंकूही पुसलं, पोरीला आवडायचं नाही म्हणून. झकास दिसत होती. गॅलरीतल्या गारठ्यात ठेवली तर हाताला कोरडी ठणठणीत लागली.

स्पर्धेच्या सकाळी कडक थंडी होती. अकरा जोड्या आल्या होत्या. धनंजयचे हात थंडीनं भेगाळायचे, म्हणून त्यानं गाडीतच हाताला लोशन लावलं. तेही नारळाच्या वासाचं. तबकडी पिशवीतनं काढून त्यानंच शरूला दिली. तिनं ती कोटाच्या खिशात, हातात धरून ठेवली. ऊब राहावी म्हणून.

पहिल्या खांबापाशी धनंजयनं लांबची फेक अशी टाकली, की तबकडी टोपलीपासून सात पावलांवर येऊन पडली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. शरू पुढं झाली. माझ्याकडं बघितलं. हात मागं नेला.

तबकडी तिच्या हातातनं आधीच सुटली. खांबाच्या डाव्या अंगानं, पार लांब, झुडपात गेली.

"इट्स ओके," धनंजय म्हणाला. "होतं असं."

दुसऱ्या खांबाला तसंच. तिसऱ्याला तिनं पँटला पुसून, घट्ट धरून फेकली, तर ती पायाशीच पडली आणि चाकासारखी घरंगळत उतारावरनं गेली. एक पोरगा फिदीफिदी हसला. त्याच्या बापानं त्याला दटावलं, ते तर आणखी वाईट.

शरूनं तबकडी उचलली, नाकाशी धरली. गाल लाल झाले होते.

"बाबा, ही ऑइली आहे!"

खोबरेल थंडीत थिजतं आणि हाताच्या उबेनं वितळतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

"आजी, तू काही केलंस?"

सगळे बघत होते. भाषा कुणाला येत नव्हती, पण बघत होते. आणि मी, चाळीस बायकांना धाकात ठेवणारी, चटकन म्हणाले, "मी कशाला काय करीन? फळीवर ठेवली हुती नुसती."

पोरीनं वळून बापाचा हात हुंगला.

"तुझं लोशन! तू लोशनच्या हातानं दिलीस मला!"

धनंजयनं तिच्या हातातनं तबकडी घेतली, उलटी केली. कडेच्या आतनं बोट फिरवलं. बोटाकडं बघितलं. मग बोट पँटला पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. एवढंसंच.

"हो गं," तो म्हणाला. "माझंच चुकलं. सॉरी."

"यू ऑलवेज…" पुढचं ती इंग्रजीतच बोलली, भराभर, रडत. मला शब्द कळले नाहीत. धनंजयच्या तोंडाकडं बघून अर्थ कळला. पाचव्या खांबाला तिनं खेळायचं सोडलं आणि आईला फोन लावला. अकरालाच निळी गाडी आली. शरू आमच्याकडं न बघता आत बसली. तबकडी तिच्या पिशवीत तशीच गेली.

घरी आल्यावर तो म्हणाला, "चहा करू तुला?" मी म्हटलं, कर. त्यानं केला, मी प्याले. ह्यावर आमचं बोलणं संपलं.

दहा दिवसांनी, मंगळवारी, मृणालचा निरोप आला. ह्या शनिवारी शरूला यायचं नाही. वाढदिवसाआधीचा शेवटचा शनिवार होता तो. धनंजयनं निरोप मला वाचून दाखवला, फोन उपडा ठेवला आणि गाडीत काहीतरी राहिलंय म्हणून खाली गेला. खिडकीतनं मी बघितलं. तो गाडीत बसला होता. गाडी चालू नव्हती. दोन्ही हात चाकावर, अर्धा तास.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेल्यावर मी फ्रीजसमोर उभी राहिले. दारावर त्यानं माझ्यासाठी कागद डकवला होता, मोठ्या अक्षरांत. स्वतःचा नंबर, शेजाऱ्याचा आणि तिसरा, 'मृणाल, अडचण आली तर'. चार महिने मी तिसरी ओळ वाचली नव्हती. आता एकेक आकडा बोटानं दाबला. दोनदा चुकले.

"हॅलो?"

"मी बोलतेय."

मग, "आई? धनंजय बरा आहे ना?"

तिचा पहिला प्रश्न तो होता. मी भांडणाची तयारी करून उभी होते. पदर खोचलेला होता.

"बरा हाय. त्या तबकडीला खोबरेल मी लावलं होतं."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"कडेच्या आतल्या खाचेत कुंकू होतं, आई. शरूनं कचऱ्यात टाकली होती, मी काढली. बेसन लावून धुतली."

"मग पोरीला सांगितलं का न्हाईस?"

"मी का सांगू? तिचा बाबा सांगतो का, ते बघत होते." ती थांबली. "नाही सांगणार तो. तेव्हाही नव्हता बोलला."

"कवा?"

"ताडपत्री, आई."

मी खुर्ची ओढली आणि बसले.

त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, मार्चअखेर, ती दोघं तासगावला आली होती. रॅकवर माल वाळत होता. संध्याकाळी वारा लागावा म्हणून शेडच्या पश्चिमेची ताडपत्री मीच वर गुंडाळली. तेवढ्यात व्यापारी आला, मी बोलत बसले आणि विसरले. घटकाभरात वळीव आला. सगळा रॅक भिजला, माल काळा पडला. चाळीस बायका जमल्या. आणि मी त्या सगळ्यांपुढं म्हणाले, "पुण्याच्या बाईला ताडपत्रीची दोरी बांधता येत न्हाई, ती संसार काय बांधणार?" बायका हसल्या. मृणालला काही कळेना. ती ओला बेदाणा परातीत घेऊन दिवस मावळेपर्यंत निवडत बसली. धनंजय तिथंच होता. मी ताडपत्री गुंडाळताना त्यानंच दोरी धरली होती. तो खाली वाकून सांडलेला बेदाणा गोळा करत राहिला.

"मी त्या बाजूला गेलेसुद्धा नव्हते," मृणाल फोनवर म्हणाली.

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तवाच माहीत होतं."

पलीकडं कुणाचा तरी फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडणं कळतं.

"बरं," ती म्हणाली. "हे मला सांगून उपयोग नाही आता. शरू सव्वातीनला शाळेतून येते. तिचा नंबर देते, लिहून घ्या आणि तिला फोन करा."

"तूच सांग की तिला. तुझं ऐकती ती."

"नाही. तुम्ही."

आणि तिनं फोन ठेवला.

तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. साडेदहापासून सव्वातीनपर्यंत मी काय केलं, विचारा. काहीच नाही. जेवले नाही. देवापुढं बसून बघितलं, उठले. चाळीस बायकांना, व्यापाऱ्यांना, भाऊबंदांना, तलाठ्याला, कुणालाही तोंडावर बोलायला मला कधी जड गेलं नाही. आणि एका अकरा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं ते मनाशी घोकत होते. जसं कधी काळी दुसरीत कविता घोकली होती आणि मास्तरांपुढं उभं राहिल्यावर विसरले होते.

सव्वातीनला लावला. तिनंच उचलला.

"शरू, आजी बोलतेय. फोन ठिवू नको."

"ओके."

"तबकडीला तेल मी लावलं. तुझ्या बापाचं लोशन न्हवं. पूजा केली आणि तेल चोळलं. चांगलं व्हावं म्हणून."

"पूजा? डिस्कची?"

"व्हय."

ती जराशी हसली की काय, असं वाटलं. मग तिचा आवाज बदलला.

"पण मी तुला विचारलं होतं, आजी. तू नाही म्हणालीस."

"खोटं बोलले."

"का?"

घोकलेलं सगळं गेलं. "लाज वाटली गं. एवढी माणसं बघत होती."

"आणि बाबाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग मी त्याला ओरडले तेव्हा तो का नाही बोलला?"

त्याला गप्प बसायला कुणी शिकवलं, ते मला आताच सकाळी कळलं होतं.

"माझ्यामुळं," मी म्हटलं.

श्वास ऐकू येत होता. नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी त्याला म्हटलं, की तो काहीच नीट करत नाही. सगळ्यांसमोर."

"व्हय."

"आजी, मला तुझ्याशी नाही बोलायचं."

"नको बोलू," मी म्हटलं. "बापाशी बोल."

फोन बंद झाला की पोरीनं ठेवला, ते मला कळलं नाही. मी बराच वेळ कानाला धरून बसले होते.

शुक्रवारी संध्याकाळी धनंजय दारातनंच म्हणाला, "आई, शरू येतेय उद्या! तिनं स्वतः फोन केला." इतका मोठा आवाज मी त्याचा लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. "तूही चल. डबा घेऊ."

"माझं गुडघं धरलंत," मी म्हटलं. "तू जा."

"गाडी तर आहे."

"गाडीनं गुडघं सरळ हुत्यात व्हय? जा म्हटलं न्हवं."

शनिवारी तो साडेनवालाच निघाला. मी खिडकीत उभी राहिले. गाडी वळणावर गेली, झाडांआड गेली. गुडघे माझे धडधाकट होते, शेडमध्ये दिवसभर उभं राहायची सवय. मी चारदा खालवर जाऊन आले, उगीच. तिसऱ्या खेपेला ती कुत्र्यावाली म्हातारी जिन्यात भेटली. हसली. ह्या वेळी मीच बाजूला झाले.

पाच वाजून गेले, साडेपाच झाले. सहाला तो आला. हातपाय धुऊन जेवायला बसला आणि बोलायलाच लागला. शरूनं असं केलं, शरू असं म्हणाली, शरूची शाळेत कुठल्या पोरीशी कट्टी झालीय, शरूला वाढदिवसाला तो स्वतः केक करून देणार आहे. एवढे शब्द त्याच्या पोटात होते, हे मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मी तव्यावरची भाकरी उलटत ऐकत होते.

मग तो थांबला.

"तिनं मला सॉरी म्हटलं, आई. तू तिला फोन केला होतास."

"केला."

"कशाला सांगायला गेलीस? मी घेतलं होतं की माझ्यावर. दोन-चार दिवसांत विसरली असती ती." तो ताटाकडं बघून बोलत होता. "मी सांभाळून घेतलं असतं."

"तुझं ते सांभाळून घेणंच नडलं रं बाबा," मी म्हटलं. "जेव."

तो जेवला. मी गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली, वर तूप घातलं. शरूनं माझं विचारलं का, हे माझ्या ओठावर आलं होतं. मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.